पडवीसाठी बारा पोती

जेद्दा, ता. ४ मे

ति. बा यांस,
मबखूतचा सलाम वि. वि.

मी खुशाल आहे. (ताई, हे बांना वाचून दाखवताना माझ्या चुका दुरुस्त करत बसू नकोस. तू सहा बुकं शिकलीस आणि मी दोन, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.)

मुकल्ल्याच्या डॉक्टरची अट ताईने कळवली, तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. ऑपरेशननंतर चाळीस दिवस डोळ्याला धूळ नको, माशी नको, झळ नको. बा, तुमचा एक डोळा गेलेलाच आहे. दुसराही बिघडला तर पुढे अंधारच. आणि आपल्याकडे खजूर पिकायला लागल्यावर माशी कुठे नसते? वरच्या मजल्यांवर दारं लावून बसाल तर भाकरीसारखे भाजाल.

म्हणून मी उपाय काढलाय. आमच्या मालकाच्या घराला आहे तशी जाळीची पडवी. उत्तरेच्या भिंतीला लागून तुमचा बसायचा ओटा आहे ना, तिथेच. खाली सिमेंटचं जोतं, तीन बाजूंना बारीक तारेची जाळी, चौथी बाजू आपली भिंत. दाराला स्प्रिंग, माणूस आत आला की मागे आपोआप मिटतं. आत कूलर, त्यातून ओल्या गवताचा वारा येतो. बारा पोती सिमेंट, जाळी आणि कूलर जुमान ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये चढवून दिलंय. गवंडीकामाला फरजकाकांना बोलवा, पण त्यांना माती कालवू देऊ नका. मातीचे दिवस गेले.

निघताना मी म्हणालो होतो की या चिखलाच्या घरात मी सडणार नाही. तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. आता त्याच घराला हात लावायची परवानगी मागतोय.

धाकट्यावर जेवढा शिल्लक असेल तेवढा लोभ राहू द्यावा.
आपला,
मबखूत


बैत हमूद, ता. २६ मे

चि. मबखूत यास,
ताईचे अ. उ. आ.

सामान पोचलं. कूलरच्या एका कोपऱ्याला पोचा आलाय, पण जुमान शपथ घेऊन सांगतो की तो जेद्दाहूनच होता. तुझ्या अक्षरावरून मला वाटलं पोचा पत्रालाही पडलाय.

फरजकाका आले होते. तीन पेले चहा झाला, ओट्यावर हात फिरवून झाला, आणि मग बांना म्हणाले की करामा, हे काम माझ्याच्याने होणार नाही. मातीचं घर पायाने श्वास घेतं, करामा, ओल पायातून येते आणि पायातूनच उडून जाते. त्याला सिमेंटचा जोडा घातलास तर ओल जाईल कुठे? वर चढेल. आणि जोड्याच्या आत पाय कुजला तर तो बाहेरून दिसत नाही, वर चार मजल्यांचं ओझं आहे, असं म्हणाले. बा त्यांना म्हणाले, की जन्मभर चिखलावर पोट भरणारा सिमेंटचे गोडवे कशाला गाईल? आम्ही हसलो. काका हसले नाहीत. भात आणि सुकी मुशी वाढून ठेवली होती, ती तशीच टाकून गेले. हे घर त्यांच्या वडिलांच्या हातचं. या घरातून ते उपाशी गेलेले मी कधी पाहिले नव्हते.

मला चुटपुट लागली. बांना म्हटलं, राहू द्या, वर पडदे बांधू. तर म्हणाले, की पोरगं आजवर मोडतच आलं, पहिल्यांदा काही बांधायला निघालंय, त्याला नाही कसं म्हणू? आता सय्यून शहरातली पोरं येणार आहेत. ती सिमेंटचीच कामं करतात.

जेवत जा. भांडू नकोस.
तुझी,
मुजनाताई


जेद्दा, ता. ११ जून

ति. ताईस,
सलाम वि. वि.

फरजकाकांना म्हणावं, इथे वीस-वीस मजले सिमेंटवर उभे आहेत आणि एकही श्वास घेत नाही. म्हाताऱ्याला आपला धंदा जायची भीती, दुसरं काय!

सय्यूनच्या पोरांना सांग, नुसतं जोतं करून थांबू नका. भिंतीवरही हातभर उंच सिमेंट चढवा, मोजा घालतात तसं. कूलरचं पाणी उडलं तरी भिंत भिजायला नको. बघ, मी सगळ्याचा विचार केलाय. पूर्वी तू म्हणायचीस ना, याच्या डोक्यात वारा शिरलाय म्हणून!

पहिलं काम सोडलं. मुकादम शिव्या देत होता, मीही दिल्या. दुसरं बघतोय. बांना यातलं काही वाचून दाखवू नकोस.

लोभ वाढव, काळजी कमी कर.
तुझा,
मबखूत


बैत हमूद, ता. १९ जुलै

चि. मबखूत यास,
अ. उ. आ.

ऑपरेशन चांगलं झालं, अल्लाची कृपा. डोळ्यावर कापड आहे ते चाळीस दिवसांनीच सुटेल. तोवर बांचं सगळं जग म्हणजे तुझी पडवी. खाट तिथेच टाकलीय. बाहेर खजुरांवर माशांचे काळे घोस लटकलेत आणि आत एक माशी नाही! दुपारी आळीतल्या बायका भाजी निवडायच्या निमित्ताने येतात त्या उठतच नाहीत. बा प्रत्येकीला हाताने जाळी चाचपायला लावतात आणि सांगतात, की माझ्या मबखूतने बांधली. जसा काही तू इथे उभा होतास! आळीतल्या बायशूतांच्या घरी तर ठरलंच, अशीच पडवी. आणखी दोघं विचारत होते.

तुझी पत्रं बांनी बिस्किटांच्या डब्यात घालून खाटेखाली ठेवलीत. वाचता येत नाही तरी रोज डबा उघडून कागद मोजतात.

एक विचारायचं होतं. कूलरचं पाणी ठिबकतं, जोत्यावर साचतं, ते मी पुसते. पण सिमेंट संपतं त्याच्या वर भिंतीला पांढरं काहीतरी फुटलंय, पिठासारखं. झाडलं की दोन दिवसांत परत येतं. जिभेला लावून पाहिलं, मीठ आहे. आणि बा म्हणतात, की भिंतीत उंदीर शिरलेत, आतून खरखर ऐकू येते, बसून-बसून मोजतो मी. आपलं मांजर मात्र तिकडे फिरकतही नाही.

लोभ आहेच, पत्र लांबवू नकोस.
तुझी,
ताई


जेद्दा, ता. २९ जुलै

ति. ताईस,
सलाम वि. वि.

तुझं पत्र मी चार जणांना वाचून दाखवलं. माझ्या मबखूतने बांधली, हे वाक्य दोनदा.

मिठाचं मनावर घेऊ नकोस. भिंतीला घाम येतो, माणसाला येतो तसा. उरलेल्या सिमेंटचा आणखी एक गिलावा वर चढव, छातीइतका. दिसायचंच बंद होईल. उंदरांना औषध घाल.

मला नवीन काम मिळालं. जुन्या पेठेतली पडकी घरं पाडायची. मोडायचंच काम आहे, म्हणजे बांच्या मते मी त्यात तयार!

चाळीस दिवस सरले की बांना सगळ्यात आधी पडवी दाखव.
तुझा,
मबखूत


बैत हमूद, ता. १४ ऑगस्ट

चि. मबखूत यास,
अ. उ. आ.

सांगितलंस तसा गिलावा छातीइतका चढवला. भिंत आता आरशासारखी. खरखरही कमी झाली, पण बा म्हणतात कमी नाही झाली, खोल गेली.

फरजकाका येऊ लागलेत! आत मात्र येत नाहीत. रोज संध्याकाळी जाळीच्या बाहेर दगडावर बसतात आणि बांशी तिथूनच बोलतात. बा चिडवतात, की माशा बाहेर राहाव्यात म्हणूनच जाळी लावलीय, तुझं बरोबर चाललंय. काका बोलतात बांशी, बघतात भिंतीकडे. गिलाव्याच्या वर एक बारीक चीर आहे, बाहेरच्या कोपऱ्याला. तिच्यावर ते अंगठ्याने ओल्या मातीचा टिळा लावून जातात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात, टिळा मधोमध फुटलेला असतो. मग नवा लावतात. मी विचारलं तर म्हणाले, की घराशी बोलतोय. बांनी ठरवून टाकलंय की दृष्ट काढतायत.

स्वयंपाकघराचा दरवाजा हल्ली लागत नाही. सुताराने रंधा मारून दिला, चार दिवसांनी पुन्हा अडकला. उन्हाने लाकूड फुगलं असेल.

कापड सुटायला पाच दिवस राहिले. बांनी नवी लुंगी काढून ठेवलीय, पडवी बघायला.

लोभ करतोस तसाच करत राहा.
तुझी,
ताई


जेद्दा, ता. १८ ऑगस्ट

ताई,

सलाम. बाकीचं सोड, हे आधी वाच. बांना आजच्या आज त्या पडवीतून बाहेर काढ. वरही नको. घराबाहेर काढ. तूही नीघ.

आज आम्ही एक घर पाडायला घेतलं. जुनं, मातीत दगड बसवलेलं, आणि मालकाने कधीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला. भिंत दिसायला नवरीसारखी. मी पहिला घाव घातला आणि गिलाव्याची ढलपी निघाली, तर मागे भिंतच नव्हती, ताई. ओला भुगा होता. हात घातला तर कोपरापर्यंत गेला. वर पांढरं मीठ फुटलेलं, तू लिहिलं होतंस तेच. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, की सिमेंटने ओल कोंडली, ही घरं अशीच बसतात, आधी आतून खरखरतात.

मी तुला उंदरांना औषध घालायला सांगितलं!

कूलर बंद कर. सिमेंटला हातोडा लावू नका, धक्क्यानेच बसेल. फरजकाकांचे पाय धर, माझ्या वतीने धर. पोस्टातला फोन सकाळपासून लावतोय, तो मुकाच आहे. जुमान आत्ता निघतोय, पाच दिवस लागतील म्हणतो. मी म्हटलं तीन दिवसांत पोच, तर म्हणाला की हा ट्रक आहे, विमान नाही.

मबखूत


बैत हमूद, ता. २५ ऑगस्ट

चि. मबखूत यास,
अ. उ. आ.

मन घट्ट कर, बाळा. बा गेले. आपण सगळे त्याचेच आणि त्याच्याकडेच परत जायचं.

कापड सुटायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि वादीच्या कोरड्या पात्रात अचानक पूर आला. पाणी आपल्या आळीत शिरलं आणि उत्तरेची भिंत घेऊन गेलं. कुणाचा काही दोष नाही. पाण्यापुढे काय सिमेंट आणि काय माती! तुझ्या पडवीने बांना चाळीस दिवस सुख दिलं, तेवढं लक्षात ठेव. बा दोन दिवस शुद्धीवर होते. शेवटपर्यंत तुझंच नाव होतं.

तुझं पत्र परवा मिळालं. त्यातलं मनाला लावून घेऊ नकोस, तसं काही झालं नाही. पूर होता. गावातही सगळ्यांना तेच माहीत आहे. मी फरजकाकांकडे राहते आहे. ते फार करतात.

माझा लोभ आहे तसाच आहे. हे दोनदा वाच.
तुझी,
ताई


जेद्दा, ता. ३१ ऑगस्ट

ति. ताईस,
सलाम वि. वि.

जुमान तुझं पत्र घेऊन आला. तो वादीच्या पात्रातूनच येतो-जातो. त्याच्या चाकांना वीतभर धूळ होती. मी विचारलं, पूर केवढा होता? त्याला खोटं बोलता येत नाही, कूलरच्या पोच्याच्या वेळीही आलं नव्हतं. मग सगळं बोलला. सोमवारी टिळा लावल्या-लावल्या फुटला तेव्हा फरजकाका पहिल्यांदा जाळीच्या आत शिरले आणि बांना हाताला धरून अंगणात आणलं. तू बाहेरच होतीस. बा म्हणाले, माझा डबा राहिला. काकांनी तुला लांब करायला पाठ वळवली तेवढ्यात बा चाचपडत मागे गेले. स्प्रिंगचं दार मिटलेलं सगळ्यांनी ऐकलं. मग भिंत बसली.

पुराचं बांनीच सांगितलं ना तुला लिहायला? दोन दिवस शुद्धीवर होते ते एवढ्याचसाठी असणार. मी घर सोडलं तेव्हा ते मला काही बोलले नव्हते, आताही मला बोल लागू दिला नाही त्यांनी.

पण ताई, बांचं हे एक ऐकू नकोस. गावाला पूर म्हणून सांगू नकोस. खरं सांग. मबखूतच्या सिमेंटने घर बसलं, असं माझं नाव घेऊन सांग. दारोदार जा, फरजकाकांना बरोबर ने. मालकाकडून पासपोर्ट सुटला की मीही येतो. काकांना विचार, माती कालवायला माणूस ठेवतील का. मला काही येत नाही, हेही सांग.

आधी मात्र बायशूतांकडे जा. त्यांची चौदा पोती जुमानच्या ट्रकमध्ये चढलीत, जाळी आणि कूलरसकट. मी उतरवायला गेलो तर तो म्हणाला, की दुसऱ्याचा माल आहे, मी कोण अडवणारा? पाच दिवसांत पोचेल. हे पत्र त्याच पोत्यांवर ठेवून देतोय.

लोभ मागत नाही. एवढं कर.
मबखूत