मागची बाग आणि डोळेवाली

लिहून ठेवते की, मी, या घराची मालकीण, धंदा इस्त्रीचा, शिक्षण चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी कान भरलेले नसताना हे मृत्युपत्र करत आहे. डोक्याचं डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. याआधी प्रेमाने किंवा रागाच्या भरात मी कोणाला काही कबूल केलं असेल, तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर, पुढच्या दुकानासह, माझ्या मुलाला. छप्पर गळतं, तेही त्याचंच.

२. दोन्ही इस्त्र्या आणि टेबल सुनेला. तापायची सवय तिला आहेच. बँकेत जे असेल त्यातून माझा दवाखाना भागवावा. उरलं तर वाटून घ्यावं. उरणार नाही.

३. घरामागची बाग माझ्या नातीला, म्हणजे वारलेल्या मुलीच्या मुलीला. पूर्ण मालकीने, कसलीही अट न घालता. मुलगा यावर भांडणार, म्हणून कारण लिहिते.

नात रात्री हिंडणाऱ्या लहान माकडांचा अभ्यास करते. मुठीएवढं अंग, निम्मं तोंड डोळ्यांनी भरलेलं. किडे खातं, फांदी धरून सावकाश चालतं. उडी मारता येत नाही आणि जमिनीवर उतरायला भितं, त्यामुळे फांदीला फांदी लागलेली असेल तेवढंच त्याचं जग. माझ्या बागेतून पलीकडच्या जंगलापर्यंत अशा फांद्या होत्या. मग नात जिथे काम करते त्या अभ्यासकेंद्राच्या साहेबांनी पाहुण्यांना ही माकडं दाखवायचं ठरवलं. त्यासाठी मध्ये रुंद वाट केली आणि पाहुण्यांच्या डोक्याला लागू नयेत म्हणून वरच्या फांद्या छाटल्या. नात तेव्हा परगावी याच माकडांवर भाषण द्यायला गेली होती. परत आली, वर बघितलं आणि वाटेतच खाली बसली. वाटेच्या तोंडाशी फलक आहे, त्यावर माझ्याच बागेतल्या माकडिणीचा फोटो आहे.

बागेत आता ती एकटी उरली आहे. आम्ही तिला डोळेवाली म्हणतो. नातीने वाटेवरून दोर बांधून पाहिला. डोळेवाली टोकापर्यंत आली, हुंगून परत गेली. त्या दोरावर केंद्रातले लोक टॉवेल वाळत घालतात. उचलून पलीकडे का नेत नाही, असं मीही विचारलं. याआधी एकीला नेलं होतं. अनोळखी झाडांवर तिला खायला सापडेना, आठवड्यात मेली. नवीन फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत डोळेवाली जगणार नाही.

मुलगा म्हणाला, "आई, ती मेली की बाग माझी, एवढं तरी लिही. तोवर मी फांदीला हात लावणार नाही."

"असं लिहिलं तर ती पुढचा महिना बघायची नाही."

"मी काय एवढा नीच आहे का?"

"तू नाहीस रे. पण तुझा तो बिल्डर मित्र रोज दुकानात येऊन बसतो आणि त्याच्या हातात इस्त्रीचा एकही कपडा नसतो."

त्याने चहा अर्धा टाकला आणि उठला. म्हणून अट नाही. डोळेवाली असो वा नसो, बाग नातीची.

४. अभ्यासकेंद्राच्या साहेबांना काही नाही. माझ्या बागेत त्यांनी पाऊलही टाकू नये. फोटो काढायचा असेल तर स्वतःच्या वाटेचा काढावा.

५. हे शेवटचं कलम नातीसाठी. बागेचं तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "आजी, बाग घेऊन मी काय करू गं? आता तिथे नुसतं बसून राहायचं."

"मग दुसरं काय देऊ? इस्त्र्या तर गेल्या."

हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

डोळेवाली माजावर आली की बारीक शिटी घालते. वाटेपलीकडून नर उत्तर देतो. दोघं आपापल्या बाजूच्या शेवटच्या फांदीवर येतात आणि तिथेच थांबतात. नात हे रेकॉर्ड करत बसते. त्यापायी तिने परदेशातली नोकरी नाकारली आणि लग्न ठरत आलेलं मोडलं. ते मोडलं ते बरंच झालं, तो मुलगा बावळट होता. नोकरी मात्र परत विचारतायत. ती तिने घ्यावी. जिथे ती माकडं अजून पुष्कळ आहेत, तिथे जावं. झाडं राखण करून उभी राहत नाहीत, आपापली उभी राहतात.

नात तिकडे गेल्यावर डोळेवालीची शिटी बंद झाली, तर तिला कोणी कळवू नये. कळलं की ती धावत येईल, आणि येऊन काही होणार नाही. हा कागद ती वाचेल हे मला माहीत आहे. तिने विचारूही नये.

वाचून पाहिलं. लिहिलं आहे तसंच मला म्हणायचं आहे.

ठिकाण : राहतं घर, दुकानामागची खोली.
तारीख : डॉक्टरांनी घातली आहे ती.

सही : घरमालकीण

साक्षीदार :
१. दवाखान्याचे डॉक्टर. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यासमोर सही केली.
२. बागेला लागून राहणारी शिंपीण. शिटी मला घरात ऐकू येते. बंद झाली तर कळवणार नाही, असं कबूल करून सही करते.