प्रभूच्या नावावर खपलेली कविता

ती. हेर्सेंदताईस,

साष्टांग नमस्कार. (तू सबंध मठाची माता झालीस, तरी माझी कान पिळणारी ताईच.) गुडघे कसे आहेत? मधमाश्या जगल्या का हिवाळ्यात? इकडे उपासाचे दिवस, रोज खारवलेला हेरिंग. अंगाला धुपाऐवजी माशाचाच वास. पण ताई, मी जिंकलो!

झालं असं. आमची पावभट्टी सांभाळणाऱ्या बंधू रेनूफवर मी, नाव न घालता, चार कडवी रचली. (आमच्या ग्रंथांच्या कपाटात वरच्या फळीवर मित्रावर जीव ओवाळणारी संतांची पत्रं, खालच्या फळीवर तसा जीव ओवाळल्याच्या शिक्षा. कुठली फळी, ते वाचणारा ठरवतो.) ती कडवी नेमकी आमचे उपप्रमुख फुल्कबाबा यांच्या हाती लागली. त्यांनी विडाच उचलला, माझा गुन्हा भरसभेत सिद्ध करायचा आणि रेनूफला समुद्रापारच्या मठात धाडायचं. माझं अन्नपाणी तुटलं गं.

सभेची रीत तुला ठाऊकच आहे. आरोपीनं पालथं पडायचं, आरोप करणाऱ्यानं पुरावा मोठ्यानं वाचायचा. मी फरशीला नाक लावलं. फुल्कबाबांनी वाचायला घेतलं, आणि (शत्रूचं असलं तरी खरं ते सांगते माझी लेखणी) काय गळा आहे त्यांचा! 'तू नसलास की माझं पीठ फुगत नाही' या ओळीला म्हाताऱ्या बंधूंनी चक्क हुंदके दिले. आमचे थोरले मठाधिपती डोळे पुसत म्हणाले, "अहाहा! आत्मा ही नवरी, प्रभू हा नवरा!"

"अहो, हे पुरुषानं पुरुषाला लिहिलंय!" फुल्कबाबा किंचाळले.

"मग प्रभू काय बाई होता?" मठाधिपतींनी विचारलं. "तुम्हाला दुसरं काही दिसलं का यात? कुठल्या ओळीत? सांगा की फोड करून, आम्हा अडाण्यांनाही कळू दे."

फोड करायची म्हणजे आपल्याला त्यातलं किती कळतं ते चारचौघांत सांगायचं. फुल्कबाबा बिटासारखे लाल झाले आणि खाली बसले. रेनूफ इथेच राहणार. कविता ईस्टरला गायची ठरली आहे, आणि गाणार कोण? फुल्कबाबा!

तुझा विजयी भाऊ,
ओस्बेर

ता. क. सभेत रेनूफही होता. बाहेर आल्यावर माझ्या पाया पडला. म्हणाला, "प्रभूवर एवढी माया! तू कुठे, मी पामर कुठे!" तेव्हापासून मी दिसलो की वाट सोडून उभा राहतो.

ता. ता. क. गुरुवारी तो तुमच्या गिरणीवर पिठाला येईल. त्याला एवढंच सांग, की तिसऱ्या कडव्यातला मनगटावरचा डाग मठाधिपतींना प्रभूच्या क्रुसावरच्या खिळ्याचा वाटला, पण तो भट्टीच्या चटक्याचा आहे. आणि प्रभूनं कधी पाव भाजले नव्हते.