पात्यावरची पाच बोटं

रविवार, २६ जुलै १९८१

आज जोशीच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. भांडणच. कंपनीमागची जुनी स्टोअरची शेड झाडायला-पुसायला मला ठेवलंय, आणि बघते तर सुट्टीच्या दिवशी ड्रॉइंग ऑफिसातला जोशी आणि पेंटशॉपचा शेलार ढोपरावर बसून फरशी पुसतायत. म्हणलं, "माझ्या पोटावर पाय देता का रे?" शेलार हसला. "मावशी, आमी जपानी तलवार शिकतोय."

कुबो साहेब समोर उभा. नव्या मशीनींसाठी आलाय जपानहून. जोशीला त्याची भाषा येते. म्हणाला, इथं जो शिकतो त्यानंच जमीन पुसायची, दुसऱ्या कुणी नाही. तसा रिवाज.

"मग मी बी शिकते. आण ते फडकं."

रागानं म्हणलं. जोशीनं तसंच सांगितलं वाटतं. साहेब हसला नाही. भिंतीवरचा एक रिकामा खिळा दाखवला. तो माझ्या फडक्याचा.

रविवार, २ ऑगस्ट

तलवार दिसली पण नाही. आत येताना वाकायचं. हे ठीक, उंबऱ्याला आपणही हात लावतोच. मग गुडघे मोडून बसा, उठा, परत बसा, परत वाका. सगळी सकाळ गेली. जुना आधी बसणार, नवा शेवटी. माझी जागा शेवटची, दाराशी, चपलांची हवा खात. पोरांच्या पँटी ताणतात. माझं लुगडं बरं, कासोटा घातला की पाय मोकळे.

साहेबाचा नियम, घरी जाऊन काय चुकलं ते लिहायचं. चौथीपर्यंत शाळा झाली माझी. लिहिते. आज चुकलं ते हे, की सारखं विचारलं, तलवार कधी देणार.

आमचे हे म्हणाले, "आता भाकरी करपली म्हणायची बी चोरी!"

रविवार, २३ ऑगस्ट

लाकडी तलवार मिळाली. हातात आली आणि सपासप हाणली, सरपण फोडल्यासारखी. साहेब पुढं आला, दोन्ही हातांनी काढून घेतली, भिंतीशी ठेवली. बास. फेकून मारावं वाटलं काहीतरी. बसून राहिले.

मग बसल्यावर तलवार कुठं ठेवायची ते दाखवलं. उजव्या अंगाला. डावीकडं असली तर उजव्या हातानं झटकन उपसता येते. उजवीकडं ठेवली म्हणजे समोरच्याला सांगणं, तुझ्यावर चालवायची नाही.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. माझी जीभ कायम डावीकडं. ह्यांना विचारा.

बुधवार, ९ सप्टेंबर

चहात साखर नाही म्हणून हे ओरडले. तोंडावर आलं होतं. उजवीकडं ठेवलं. चहा परत उकळला, साखर घातली, पुढं ठेवला.

हे घाबरले. "बरं न्हाई का तुला?"

रविवार, २० सप्टेंबर

साहेबानं आज खरी तलवार आणली. त्याच्या आजोबांची. आधी तिच्यापुढं वाकला, मग म्यानातून काढली. इतकी सावकाश की मला वाटलं आता मीच उठून ओढते. तोंडात कागदाची घडी धरलेली. बोलू नये म्हणून असेल. आपणही पूजेत बोलत नाही. कागदानं पुसली, तेल लावलं, परत म्यानात.

मी दाराशी. नीट दिसलं नाही. पण पात्यावर उजेड असा सरकला की मी जागेवरून अर्धी उठले.

तलवार आता शेडमधल्या लोखंडी कपाटात राहणार. साहेबाच्या बंगल्यात ओल फार. शेडची आणि कपाटाची, दोन्ही किल्ल्या माझ्याकडं. साहेबानं स्वतः दिल्या, दोन्ही हातांनी.

बुधवार, ७ ऑक्टोबर, खंडेनवमी

कंपनीत सकाळपासून धुणंपुसणं. प्रत्येक लेथला झेंडू, नारळ, पेढे. शेलारनं रंगाच्या पिचकारीलाही हार घातला. दुपारी मनात आलं, सगळ्यांच्या हत्यारांची पूजा झाली, साहेबाची तेवढी कपाटात अंधारात. तो परका माणूस, त्याला कोण सांगणार?

शेड उघडली. आधी फरशी पुसली. मग तलवारीपुढं वाकले, त्याच्यासारखीच. तोंडात कागद धरला. पाटावर धुतलेलं फडकं, त्यावर म्यानातून काढून ठेवली. ओल्या कपड्यानं पुसली, हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडू वाहिला. मनात बोलले जे बोलायचं ते. घाई केली नाही. एवढं एक काम आयुष्यात घाई न करता केलं.

उद्या दसऱ्याची सुट्टी, मग रविवारपर्यंत शेडकडं कुणी येणार नाही. मांडलेली पूजा हलवायची नाही. रविवारी साहेब बघेल.

रविवार, ११ ऑक्टोबर

कसं लिहू.

साहेब पाटापुढं गुडघ्यावर बसला. सुकलेला झेंडू एकेक करून उचलून बाजूला ठेवला. फेकला नाही. मग कोरड्या कागदानं कुंकू पुसलं. कुंकू निघालं. खाली बोटं तशीच. तांबूस. गंज. माझी पाचही बोटं पात्यावर.

जोशी कुजबुजला, "मावशी, काय केलंत हे! घामाचं बोटसुद्धा चालत नाही तिला. श्वासाची वाफ लागू नये म्हणून तो तोंडात कागद धरतो."

शेलार मोठ्यानं म्हणाला, "साहेब, आमच्यात खंडेनवमीला असंच करत्यात. मान दिला तिनं." जोशीनं तेही सांगितलं.

साहेबानं ऐकलं. तलवार कापडात गुंडाळली आणि गेला. आज शिकवणं नाही.

दोन्ही किल्ल्या खिडकीत ठेवून आले.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

जोशीला कँटीनच्या दारात धरलं. "मी चोरी केली का? पूजा केली."

"माहीत आहे मावशी. पण त्याच्यापुढं वाद घालू नका. वाका आणि गप्प राहा."

"काढून टाकलं का मला? एवढंच सांग."

"बोलत नाही तो. मी कसं सांगू?"

लई राग आला. मग ओसरला. आपण हात लावून मान देतो. मूर्तीला, थोरांच्या पायाला, गाईला. हात लावला नाही तर मान कसला? आणि तो हात न लावता देतो. दोघंही वाकलो होतो त्याच तलवारीपुढं. कुणी कुणाला विचारलं नाही. मी तरी विचारायला पाहिजे होतं. किल्ली माझ्याकडं होती, तलवार त्याची होती.

सगळे म्हणतात, जाऊ दे, तुला काय करायचंय या वयात. मला ती शेवटची जागा पाहिजे. दाराशी असली तरी. तिथं बसले की डोकं जागेवर येतं, हे कुणाला सांगू?

रविवार, १८ ऑक्टोबर

गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले. वाकले. आत नाही गेले. आत सगळे फरशी पुसत होते. माझं फडकं खिळ्यालाच.

सगळा वेळ उभी. पाय भरून आले. हे सायकल घेऊन न्यायला आले. "चल की घरी, काय खांबासारखी उभी!" म्हणलं, "तुम्ही व्हा पुढं." गेले नाहीत. तेही उभे राहिले सायकल धरून.

संपल्यावर साहेब दारापर्यंत आला. तलवार अर्धी काढून दाखवली. चार बोटं गेलेली, घासून घासून. अंगठ्याचं राहिलं होतं. काहीतरी बोलला. जोशी म्हणाला, "मावशी, तो विचारतोय, पूजा करताना तिला काय म्हणालात?"

खरं ते सांगितलं. "म्हणलं, बाई, कुणाच्या अंगावर जायची पाळी येऊ देऊ नको. तुझ्यावर बी, माझ्यावर बी."

जोशीला सांगायला वेळ लागला. साहेबानं पातं म्यानात घातलं. माझ्याकडं बघितलं. वाकला, थोडासा. गेला.

ये म्हणाला नाही. येऊ नको म्हणाला नाही.

रविवार, २५ ऑक्टोबर

शेडच्या पायरीवर बसून लिहितेय. वही पिशवीत टाकून आणली, घरी थांबून हात वळवळत होते.

सगळ्यांच्या आधी आले. शेड उघडी होती, साहेब आत. फडकं खिळ्याला होतं, कडक वाळलेलं. विचारलं नाही कुणाला. भिजवलं, पिळलं, उंबऱ्यापासून सुरुवात केली. पुसत पुसत त्याच्या पायापर्यंत गेले. वाटलं आता थांबवेल. त्यानं पाय मागं घेतला, मला वाट दिली. पार भिंतीपर्यंत पुसलं आणि बाहेर येऊन बसले.

आता जोशी, शेलार आत ओळीनं बसलेत. साहेब प्रत्येकापुढं लाकडी तलवार ठेवतोय. मी बघत नाही. पाठ करून बसलेय. लाकूड फरशीला टेकल्याचा आवाज येतो, मग गप्प, मग परत आवाज. किती सावकाश ठेवतो हा माणूस.

माझी जागा शेवटची. साहेब तिथवर यायचाय अजून. तिथं लाकूड वाजतं का, ऐकतेय.