जबडा, तारा आणि केसरबाई

१० नोव्हेंबर २०२५
जबड्याचा सांधा मोडला! उजवा, कानापुढचा. सकाळी स्वयंपाकघरात हनुवटीवर आपटले. फरशी केसरबाईने नुकतीच पुसलेली. बारा वर्षं सांगतेय, फडकं पिळून पुसत जा! "बाई, फरशी कोरडी व्हती, लेकराची आन!" म्हणे. बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहिलं — उद्यापासून येऊ नकोस. तिला वाचता येत नाही. आमच्या अतुलने वाचून दाखवलं. पुंडलिकनगरात दुसऱ्या बाया मिळतात.

१२ नोव्हेंबर
हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर अतुलशी बोलतात. माझं तोंड बंद म्हणजे कानही बंद! वर इंग्रजीत — कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईसमोर!
वाटा तीन. कानापुढे चीर: व्रण लपतो, पण चेहऱ्याची नस आड येते, ती दुखावली तर तोंड वाकडं. जबड्यामागे चीर: हाड जोडणारी पट्टी नीट बसते, व्रण दिसतो, नसेची भीती तिथंही. तोंडातून: व्रण नाही, पण त्याला लागणारा कॅमेरा यांच्याकडे नाही. मग सांगितलं कशाला?
नाहीतर न कापता दात तारांनी बांधायचे. तीन आठवडे.
"आईला तारा बऱ्या. घरात शांतता!" इति चिरंजीव. दोघं हसले. गाढवं!

१३ नोव्हेंबर
तारा. अडुसष्टाव्या वर्षी वाकडं तोंड मिरवायची हौस नाही.

१५ नोव्हेंबर
मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालची डॉ. मुबश्शिरा आली. हिने निदान माझ्याकडे बघून विचारलं. "मॅडम, तळहात दाखवा." दाखवले. "कुठंच खरचटलं नाही. घसरणारा माणूस हात टेकतो. तुम्ही आधीच शुद्ध हरपून पडलात का?"
मी लिहिलं — फरशी ओली होती!
"कपडे भिजले होते?"
असले प्रश्न! छातीला ठोके टिपणारं चोवीस तासांचं यंत्र चिकटवून गेली.

१७ नोव्हेंबर
हृदय मधेच थांबतं. चार-चार सेकंद. आधी पेसमेकर, मग जबडा.
त्या दिवशीचा गाऊन पिशवीतून काढून बघितला. हनुवटीचं रक्त आहे. पाण्याचा डाग नाही. अंगावर असतानाही कोरडाच होता — आठवतंय.

१८ नोव्हेंबर
मुबश्शिराला लिहून दिलं — तारा नकोत. जबड्यामागून कापा.
"व्रण दिसेल, मॅडम. नसेचंही सांगितलंय."
मी लिहिलं — लवकर बोलता यायला हवं. केसरबाईला वाचता येत नाही. आणि तिला जे सांगायचंय ते अतुलने वाचून दाखवायचं नाही.