एअरब्रश आणि काळी रेघ

४ मार्च
निर्णय झाला! एअरब्रशच घ्यायचा. प्रवासी आगबोटीची ही प्रतिकृती चार महिने मेजावर कोरडी उभी आहे — आठशे सुटे भाग, एकही सांधा वाकडा नाही. रंगकाम तेवढे राहिले. कुंचला टेकवला की उजवा हात थरथरतो. हवेने रंग उडवणाऱ्या या पेनाला मात्र कोठे टेकायचेच नसते! हेही साधले नाही, तर हा छंद येथेच संपला. स्वतःशी तरी स्पष्ट असावे.

६ मार्च
माहितीपत्रक दोनदा वाचले. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका. पेन्सिलीने दुरुस्त केल्या. एका प्रकारात कळ दाबली की हवा व रंग एकदमच येतात. दुसरा दुहेरी — दाबली की हवा, मागे ओढली की रंग. रेघ हवी तशी बारीक वा जाड. अर्थात दुहेरी! तोही सर्वांत बारीक तोंडाचा!
"लग्नालाही एवढ्या हौसेने उभे राहिला नव्हतात," — इति सौभाग्यवती.

९ मार्च
दुकानात गेलो. चष्म्याची काडी बसवायची म्हणून हीही बरोबर. दुकानदाराने कागद मांडला, पेनावरच्या इवल्या वाटीत शाई घातली. "आजोबा, एक सरळ रेघ ओढा." मी पूर्ण वाक्यच लिहावयास घेतले.
"रेघ म्हटलं, निबंध नको!" — ही मागून.
ओढली. बोट थरथरले, कळ मागेपुढे झाली, आणि रेघेला कोळ्यासारखे पाय फुटले. पुन्हा ओढली. पुन्हा कोळी! त्याने हळूच दुसरे पेन काढले — पिस्तुलासारखे. "हे मुठीत धरायचं. हात जरा… अशा लोकांना सोपं जातं."
अशा लोकांना! मी टोपी उचलली.
"थांबा हो, बघू तरी," म्हणत हिने ते बारीक पेन घेतले. श्वास रोखला. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ!
"आजी, कुठं शिकलात?"
"सत्तावीस वर्षं कारखान्यात बशांच्या कडांवर सोनेरी रेघ ओढली. रोज चारशे बशा."
हे मला ठाऊक होते. ठाऊक होते, इतकेच.
"हेच बांधा," मी म्हणालो.
"कुणाच्या हातासाठी?" हिने विचारले.
मी पैसे मोजावयास घेतले.

१० मार्च
रंग किती पातळ करावा, यावरून कडाक्याचे भांडण. मी जिंकलो — दुधाइतका!

१४ मार्च
झाली! बोटीच्या अंगावरची, पाण्याच्या पातळीची काळी रेघ झाली! दोन्ही कोपरे मेजावर रोवून चिकटपट्टी मी लावली. रंग हिने उडवला. एका जागी रंग जास्त पडला की तो पट्टीखाली शिरतो. कणभरही शिरला नाही! मी "वाहवा!" म्हणालो, तर म्हणते कशी — "मध्ये बोललात तर नाक रंगवीन." पट्टी सोलताना मात्र तिचाही श्वास अडकला होता. मी पाहिले.

१९ मार्च
टपालाने खोके आले. विमानाचा संच. मी मागवलेला नाही. पत्त्यावर नाव हिचे! कानशीने भाग घासण्याच्या कामी माझी नेमणूक झाली आहे — तूर्त तात्पुरती.