राउटरमधला पहिला नंबर

मोका, ३ मे

ती. वन्संना युफेमियाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? पत्र बोटीने पोन्सेला येणाऱ्या फ्लोराच्या हाती देते, कारण फोनवर धड बोलणंच होत नाही.

ह्यांना जाऊन २६ तारखेला वर्ष होईल. वर्षाच्या प्रार्थनेची जपमाळ ताईनेच सांगायची, असं हे बजावून गेलेत. पण रविवारी फोनवरच्या तालमीत तुमचं निम्मं वाक्य आलं आणि आमचं 'आमेन' मधेच पडलं. जावई विल्किन बेसबॉलचा सामना लावून बसला होता. शेजारची रामोना म्हणाली, त्यापेक्षा मीच सांगते. ती सांगणार म्हणजे कॉफी उकळायच्या आत सगळं उरकणार!

म्हणून मी राउटरचं माहितीपुस्तक वाचलं. घरातलं सगळं इंटरनेट एकाच अरुंद दारातून जातं. सामना धक्काबुक्की करून पुढे घुसतो, माणसाचा आवाज मागे राहतो. ज्या फोनला पहिला नंबर द्याल, त्याला राउटर आधी वाट देतो. यादीत सगळ्यांचे फोन होते. मी नंबर लावला. तरी काल पुन्हा तुटलंच. कुठे चुकलं?

तुमची,
युफेमिया

पोन्से, ११ मे

चि. युफेमियास अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. तुझं कुठे चुकलं ते तुझ्या लेकीने मला कळवलं. तू पहिला नंबर अन्सेल्मोच्या, गेलेल्या माणसाच्या फोनला दिलास! अगं, तो वर्षभर कपाटात बंद पडलाय. मी इथे तुटक तुटक बोलतेय आणि राउटर त्याची वाट मोकळी ठेवून बसलाय! त्याचं नाव काढ, तुझं घाल. रामोनाने जपमाळ सांगितलेली मला खपायची नाही.

तुझी,
लेओकादिया

मोका, १८ मे

ती. वन्संना सा. न.

रागावू नका. तीनदा बसले, नाव काढवेना. या घरात ह्यांच्या आधी कुणाला वाढलं नाही कधी. पण उपाय सापडलाय. २६ला पाच वाजता फोनजवळ बसा. विल्किनला सामना खुशाल बघू देणार आहे.

काळजी नसावी.
युफेमिया

पोन्से, २७ मे

चि. युफेमियास आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. काल पाचला फोन वाजला आणि वर अन्सेल्मोचं नाव, त्याचा तो टोपीतला फोटो. कपाटातला फोन तू चार्ज केला असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी नेहमीसारखीच ओरडले, आता झाली होय रे ताईची आठवण! मग तू दिसलीस, आणि दोघी हसत-रडत बसलो.

जपमाळ एका दमात झाली. रामोनाची जांभईसुद्धा मला ऐकू आली.

त्याचं नाव राहू दे पहिलं. दर रविवारी त्याच्याच फोनवरून कर. मी ओरडेन, तू ऐकून घे.

तुझी,
लेओकादिया