सोमवारी आईला दाखवलंच नव्हतं

मंगळवार, ९ मार्च १९९९, दुपारी तीन

सोनम,

आईला राजारामपुरीत दवाखान्यात ॲडमिट केलंय. हार्ट ॲटॅक आलाय, पण आता बोलतीय. मी तिचे कपडे न्यायला घरी आलोय. तुझ्या शाळेतला फोन कुणी उचलला नाही. नागिणीच्या गोळ्या डॉक्टरांनी बघायला मागितल्यात, तू कुठं ठेवल्यास ते मला सापडंना. येताना घेऊन ये.

समोर जीभ रेटणार नाही म्हणून लिहितो. गेल्या आठवड्यात सोमवारी आईच्या छातीवर पुरळ उठलं, तेव्हा तू म्हणालीस, 'ही नागीण हाय, आजच दाखवा.' संध्याकाळी मी 'दाखवलं' म्हणालो. ते खोटं होतं. शिरोलीला कारखान्यात ओव्हरटाइम लागला म्हणून मी मेडिकलमधून नुसतं मलम आणलं. शुक्रवारी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू व्हायला पाहिजे होत्या. वय झालंय त्यांचं, या दुखण्यात हृदयालाही जपा.' तुला मात्र मी 'औषध बदललंय' एवढंच सांगितलं.

आज सकाळी ती छाती धरून बसली. मी म्हटलं, 'नागिणीचीच आग हाय, पड जरा.' त्यात दोन तास गेले.

रिक्षात ती मला म्हणत होती, 'सूनबाईला सांग, मीच जायला न्हाय म्हटलं.' तुलाही ती तेच सांगेल. खरं मानू नकोस. त्या सोमवारी ती धुतलेलं लुगडं नेसून, चपला घालून माझी वाट बघत दारात बसली होती.

धम्मपाल